तिसरा रस्सा

डॉक्टर कुरणे म्हणाले, सहा आठवडे तिखट बंद.
वैजयंता त्यांच्याकडं बघत राहिली,
जणू त्यांनी तिला कोल्हापूर सोडायला सांगितलंय.

पहिले चार दिवस मुगाची खिचडी.
पाचव्या दिवशी तिनं ताट माझ्याकडं सरकवलं :
‘हे आता तुमीच खावा.’

म्हणून आज रविवारी,
कोपऱ्यावर मटणाच्या दुकानासमोर डबे घेऊन रांग लागलेली असताना,
मी, उद्यमनगरातला साचेवाला,
तिच्या ओट्यापाशी उभा आहे
आणि मला ब्रूनो आठवतोय.

नव्या मशीनबरोबर इटलीहून आला होता तो, एकवीस दिवसांसाठी.
तिसऱ्याच दिवशी आमच्या रस्स्यानं त्याचे कान लाल केले.
त्याला मराठी येत नव्हतं, मला इंग्रजीसुद्धा बेताचंच.
एका दुपारी लाईट गेली
तेव्हा साच्याच्या काळ्या ओल्या वाळूत
त्यानं बोटानं एक हरभरा काढला, चोचीसकट.
मग पातेलं. लसणाची पाकळी.
मग अंबाडा घातलेली एक बाई, म्हणजे आई असणार.
मग मोडकी नळी, मोडकं शिंपलं, मोडकी फीत,
डब्याच्या तळाला जे जे उरतं ते.
शेवटी पातेल्यात उभा चमचा.
त्याच्यावर बोट आपटून तो माझ्याकडं बघत राहिला :
चमचा पडला तर चुकलं.

लाईट आली.
त्याच वाळूत आम्ही पंपाची बॉडी ओतली.
ती पाककृती आता कुठल्यातरी उसाच्या फडात
पाणी उपसत असेल.

रात्री भिजवलेले काबुली हरभरे दुप्पट झालेत.
शिजताना वर फेस येतो, मळी येते.
ती कशी काढायची हे मला कुणी शिकवायला नको,
चोवीस वर्षं भट्टीवर तेच केलंय.

ऑलिव्ह तेलाची बाटली बघून ती विचारते,
‘हे अंगाला लावायचं न्हवं?’
ती दारात पाट टाकून बसलीय.
गॅस बारीक करा, म्हणते.
लसूण करपतोय, म्हणते.
तोवर तो करपलेला असतो,
आणि जिन्यावरून पाटणकरांची सून ओरडते,
‘काका, वायर जळाली काय वो?’

दुसऱ्यांदा लसूण.
नर्सरीवाल्यानं रोझमेरी म्हणून दिलेल्या रोपाची एक काडी,
चुरगाळली तर कापूर आणि ओलं लाकूड.
दोन टोमॅटो किसून.
निम्मे हरभरे डाळीच्या रवीनं घोटले,
निम्मे तसेच राहू दिले, दाताखाली यायला.
मॅकरोनीचा अर्धा पुडा टॉवेलात गुंडाळून
मी लाटण्यानं ठोकला.
तिला ते बघवेना. उठली,
फडताळातला खालचा डबा काढला,
गेल्या उन्हाळ्यातल्या शेवयांचा चुरा मूठभर टाकला पातेल्यात.
‘मोडकंच पायजे न्हवं तुमच्या ब्रूनोला?’

रटरटायला लागलं तेव्हा
रंग तांबडा नव्हता, पांढरा नव्हता.
नव्या भिंतीला मातीचा पहिला हात दिल्यावर दिसतो तसा काहीसा.
आमच्या घरात या रंगाच्या जेवणाला
नावच नाही.

मी चमचा उभा केला.
तो थांबला.
मग, सभेत डुलकी लागलेल्या माणसासारखा,
हळूहळू कडेला टेकला.
पडला म्हणायचं का टेकला, यावर आमची थोडी हुज्जत झाली.

तिनं पहिला घोट घेतला, काही बोलली नाही.
दुसरा. फुंकर.
तिसऱ्याला म्हणाली, ‘त्येच्या आईचं नाव काय होतं?’
मी विचारलंच नव्हतं.
एकवीस दिवसांत पंपाच्या भिंतीची जाडी
मिलिमीटरच्या दशांशापर्यंत विचारली, तेवढं सोडून.

ती दोन वाट्या जेवली.
आठवड्यात पहिल्यांदा पाठ टेकून, हात न धुता,
नुसतीच बसून राहिली.

रात्री पाणी प्यायला उठलो तर
कांदा-लसूण चटणीच्या बरणीचं झाकण तिरकं होतं
आणि पातेल्याच्या तळाला उरलेलं ते
कडेकडेनं जरासं तांबूस.
मी झाकण सरळ केलं.
दिवा मालवला.